पहिली खाऱ्या पाण्याची टाकी, हाताशी २५ हजार: फिल्टर कोणता घेऊ?

निळीकाच (डोंबिवली) · ४ ऑक्टोबर

मंडळी, नमस्कार. गोड्या पाण्यात सहा वर्षं झाली. आधी गप्पी, मग गोल्डफिश, गेली दोन वर्षं एंजल. आता खाऱ्या पाण्याची एक टाकी करायचीच, असं घरात ठरलं आहे. लहानपणी बाबा मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे आणि तिथल्या काचेपुढून मला हाताला धरून ओढावं लागायचं. ते वेड इतक्या वर्षांनी परत आलं आहे.

टाकी करून घेतली आहे. ३० × १५ × १८ इंच, साधी काच. काठोकाठ भरली तर १३२ लिटर, प्रत्यक्षात ११५च्या आसपास पाणी राहील. मासे थोडेच ठेवायचे आहेत: क्लाउन माशांची एक जोडी, जमलं तर एखादा गोबी आणि एक-दोन कोळंब्या. प्रवाळ नको. टाकी आणि स्टँड सोडून २५ हजार बाजूला काढले आहेत, त्यातच मीठ, टेस्ट किट सगळं बसवायचं.

अडलं आहे ते फिल्टरपाशी. कुर्ल्याला अख्खा रविवार घालवला. पहिल्या दुकानात सांगितलं, मोठा कॅनिस्टर घ्या, दुसरं काही लागत नाही. दुसऱ्यात सांगितलं, कॅनिस्टर म्हणजे नायट्रेटचा कारखाना, नुसता स्किमर घ्या. तिसऱ्याने टॉप फिल्टर हातात ठेवला आणि म्हणाला, चार डॅमसेल (काटक, स्वस्त मासे) सोडा, महिन्याभरात पाणी तयार. व्हिडिओ बघावेत तर तिकडे जो तो लाइव्ह रॉकचं सांगतो. आणखी एक गोष्ट: आमच्याकडे दुरुस्तीच्या दिवशी चार-पाच तास वीज नसते. घरात इन्व्हर्टर आहे, पण तो पंखे आणि दिव्यांपुरताच.

पैसे एकदाच खर्च करायचे आहेत. नेमके कशावर करू?

फेसाळ (पुणे) · ४ ऑक्टोबर

स्वागत. गोड्या पाण्याची सहा वर्षं कामी येतील, पण दोन बाबतींत जुनी सवय सोडावी लागेल.

पहिली बाब अमोनियाची, म्हणजे माशांच्या घाणीतून आणि कुजणाऱ्या अन्नातून होणाऱ्या विषाची. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. त्यातलं एक माशाला फारसं बाधत नाही, दुसरं कल्ल्यांवाटे आत शिरतं आणि मारतं. पीएच जितका चढा तितका हा मारक हिस्सा मोठा. तुमच्या एंजलच्या टाकीत पीएच ७ असेल, तर समुद्राच्या पाण्यात तो ८.१ ते ८.३. म्हणजे टेस्ट किटवर तोच रंग आला तरी खाऱ्या पाण्यात मारक अमोनिया दहा पटींहून जास्त असतो. गोल्डफिशच्या टाकीत ०.५ दिसलं की आपण थोडं पाणी बदलून झोपायला जायचो. इथे तसं चालत नाही.

दुसरी बाब प्राणवायूची. त्याच तापमानाला खाऱ्या पाण्यात प्राणवायू साधारण पाचव्या हिश्श्याने कमी मावतो, आणि आपल्याकडे पाणी तापलेलंच असतं. म्हणून फिल्टर निवडताना मी आधी विचारतो की तो पाण्याला हवा देतो, की असलेली हवाही खातो. कॅनिस्टर बंद डबा आहे. आतले जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात आणि नवा काही मिळत नाही. स्किमरमध्ये पाणी आणि हवा अक्षरशः घुसळली जाते.

आता दुकानदारांकडे वळू. तिघांनी वेगवेगळ्या कामांची यंत्रं दाखवली आणि सगळ्यांना फिल्टर म्हटलं. अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना बसायला जागा देणं हे एक काम. घाण कुजण्याआधीच पाण्याबाहेर काढणं हे दुसरं. आणि पाणी टाकीभर फिरतं ठेवणं हे तिसरं. कॅनिस्टर पहिलं काम उत्तम करतो. दुसरं तो करत नाही. उरलेलं अन्न आणि विष्ठा त्याच्या स्पंजात अडकते, पण पाण्यातच राहते आणि तिथेच कुजते. दर पंधरवड्याला उघडून धुतला तर कारखाना वगैरे काही होत नाही. पण स्टँडखाली वाकून, नळ्या सोडवून, खाऱ्या पाण्याचे डाग पुसत हे काम दर पंधरवड्याला करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

स्किमर दुसरं काम करतो. प्रथिनं आणि तेलकट द्रव्यं बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतात. बुडबुडे बारीक असले की त्यांचा फेस वर चढतो आणि कपात तपकिरी, वास मारणारं पाणी जमतं. अमोनिया व्हायच्या आधीच तो माल टाकीबाहेर गेलेला असतो. गोड्या पाण्यात इतका बारीक, टिकाऊ फेस धरत नाही, म्हणून तुम्हाला आजवर हे यंत्र भेटलेलं नाही.

माझं मत असं: खाली छोटा सम्प (दुसरी टाकी; वरचं पाणी पाइपाने तीत उतरतं आणि मोटरने परत वर जातं), त्यात स्किमर आणि सिरॅमिक मीडिया (जिवाणूंना बसायला सच्छिद्र तुकडे), वर एक वेव्हमेकर (पाणी फिरतं ठेवणारी छोटी मोटर). २५ हजारांत बसतं.

एडिसनकर (न्यू जर्सी) · ५ ऑक्टोबर

फेसाळ यांच्याशी सहमत, पण मला वाटतं मुख्य गोष्ट राहिली. सगळ्यात चांगला फिल्टर म्हणजे लाइव्ह रॉक. समुद्रातला सच्छिद्र दगड, आतबाहेर जिवाणू भरलेले. बाहेरच्या थरात अमोनियाचं नायट्रेट होतं आणि खोल, प्राणवायू न पोचणाऱ्या भोकांत थोडंफार नायट्रेटही वायू होऊन निघून जातं. माझ्या ४० गॅलनच्या (साधारण १५० लिटर) टाकीत हा दगड, दोन वेव्हमेकर आणि पाठीला टांगलेला छोटा स्किमर आहे, बस्स. १५ किलो दगड घ्या आणि कॅनिस्टरचे पैसे वाचवा.

मांडवीकाठ (पणजी) · ५ ऑक्टोबर

एडिसनकर, तुमच्याकडे हा सल्ला बरोबर आहे. इकडे तो द्यायचा नाही, कारण माणूस तुरुंगात जाऊ शकतो.

लाइव्ह रॉक म्हणजे बहुतेक वेळा मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा. २००१ पासून आपल्याकडे रीफ बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे हे सगळे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या अनुसूचीत तीच ही. जिवंत काय आणि मेलेला तुकडा काय, गोळा करणं, विकणं, बाळगणं गुन्हा, आणि पहिल्या अनुसूचीला किमान तीन वर्षांची कैद आहे. घोडामासाही याच कायद्याने संरक्षित आहे. तरीही काही दुकानांत मागच्या खोलीतून 'खास माल' म्हणून दगड दाखवला जातो. घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट मनाला लागते. मी मालवणला पाण्याखाली गेलो आहे, आमच्या ग्रँड आयलंडलाही अनेकदा. आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ आहेच किती? सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती थोडा, ग्रँड आयलंडला थोडा आणि मग लांब समुद्रात आंग्रिया बँक हा पाण्याखालचा प्रवाळाचा पठार. त्यातला दगड उचलून दिवाणखान्यात ठेवायचा हे मला सहन होत नाही.

एडिसनकर · ५ ऑक्टोबर

मांडवीकाठ, मनापासून आभार. हे मला खरंच माहीत नव्हतं. इकडे फ्लोरिडात समुद्रात मुद्दाम दगड टाकून, काही वर्षांनी जिवाणू धरलेला तोच दगड काढून विकतात, परवाना असतो, त्यामुळे दगड म्हणजे विकतची वस्तू हेच डोक्यात बसलं होतं. माझा वरचा सल्ला भारतातल्या वाचकांनी सोडून द्यावा. तत्त्व मात्र लागू आहे: जिवाणूंना भोकाभोकांची जागा आणि त्यावरून सतत वाहणारं पाणी. तो दगड समुद्रातलाच हवा असं नाही.

मिऱ्याबंदर (रत्नागिरी) · ६ ऑक्टोबर

दगड घरी करता येतो. मी केले आहेत, तीन टाक्यांत चालू आहेत.

एक वाटी पांढरं सिमेंट, तीन वाट्या कालवांच्या शिंपल्यांचा भरड चुरा, दोन वाट्या जाडं मीठ. पाणी अगदी बेताचं, मुठीत दाबल्यावर लाडू वळेल इतपत. घमेल्यात ओली वाळू पसरून तिच्यात खड्डे करायचे, मिश्रण त्यांत दाबायचं, मधे बोटाने आरपार भोकं ठेवायची. दोन दिवस ओल्या गोणपाटाखाली झाकायचं. मग काढून गोड्या पाण्याच्या पिंपात. मीठ विरघळून जातं आणि तिथे पोकळी राहते, सगळी गंमत त्या पोकळीत आहे. मात्र घाई नको. ताजं सिमेंट पाण्याचा पीएच १२ च्या घरात नेतं. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलत राहा, मला पाच-सहा आठवडे लागतात. नव्या पाण्यात दोन दिवस ठेवून पीएच ८.५ च्या खाली राहिला तरच टाकीत. शिंपले घरचे, कालवं खाऊन झाल्यावर उकळून, खरवडून, उन्हात वाळवलेले.

पाण्याबद्दलही सांगतो, कारण कोणीतरी विचारेलच. मी समुद्राचंच पाणी वापरतो, पण मी रत्नागिरीत राहतो आणि जून ते सप्टेंबर एक थेंब आणत नाही. पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी येऊन खारटपणा घसरतो, वर गाळ. बाकीच्या महिन्यांत भरतीचं, खडकाळ जागेचं पाणी आणतो, कापडातून गाळून दोन आठवडे अंधारात झाकून ठेवतो. डोंबिवलीकराने खाडीचं पाणी आणू नये. मीठ विकत घ्या.

निळीकाच · ६ ऑक्टोबर

एवढं मनावर घेऊन लिहिलंत सगळ्यांनी, खूप बरं वाटलं. लाइव्ह रॉकचा विषय माझ्यापुरता संपला. आता बारीकसारीक शंका.

एक, आजोळ राजापूरकडचं, घरामागे जांभ्याचे चिरे पडून आहेत. भोकं भरपूर. चालतील? दोन, ओळखीचा एक जण वापरलेला कॅनिस्टर अर्ध्या किमतीत देतो आहे. तीन, मीठ म्हणजे खास मत्स्यालयाचंच का? भाईंदर-उरणच्या मिठागरांचं जाडं मीठ समुद्राचंच असतं ना? आणि सगळ्यात मोठी शंका सम्पची. वीज गेल्यावर वरचं पाणी खाली उतरून सगळं घरभर झालं तर? खाली कुलकर्णी काकूंचं छत आहे.

मिऱ्याबंदर · ६ ऑक्टोबर

जांभा नको. भोकं दिसतात, पण त्यात लोह भरपूर आणि पाण्यात त्याची तांबडी माती सुटत राहते. आमच्या विहिरीची कडा बघा, तसंच होईल. काळा दगड पाण्याला काही करत नाही, पण तो इतका घट्ट की जिवाणूंना वरची कातडी तेवढी मिळते. रचनेसाठी खाली एखादा ठेवा हवं तर.

मिठागराच्या मिठाचं असं आहे. समुद्राचं पाणी आटवलं की आधी खाली चुना बसतो, मग मिठाचे खडे धरतात, आणि शेवटी उरलेलं कडवट पाणी मीठवाले काढून टाकतात. मॅग्नेशियम त्या कडवट पाण्यात जातं. हाती येतं ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. खारट आहे, पण समुद्र नाही. दगडातली भोकं करायला वापरा, टाकीत नको.

फेसाळ · ७ ऑक्टोबर

कॅनिस्टरचं आधी. तुमच्या मित्राने तो गोड्या पाण्यात वापरला असेल आणि कधी माशांच्या औषधासाठी तांब्याचं द्रव्य घातलं असेल, तर त्याच्या रबरात आणि मीडियात तांबं उरलेलं असू शकतं. कोळंब्यांना त्याचा अंशही सोसत नाही. इतिहास माहीत नसलेलं सामान कोळंबीच्या टाकीला मी लावत नाही. शिवाय तुमच्याकडे वीज जाते. बंद डब्यातलं पाणी चार-पाच तास थांबलं की आतले जिवाणू उरलासुरला प्राणवायू संपवतात, मरायला लागतात, आणि वीज आल्यावर ते सडकं पाणी एका दमात टाकीत येतं. माझ्याकडे पूर्वी कॅनिस्टर होता. मे महिन्यात एकदा मी घरी नसताना सहा तास वीज गेली. परत आलो तेव्हा मोटर सुरळीत चालू होती आणि दोन्ही क्लाउन कोपऱ्यात आडवे पडले होते. त्यातला एक वाचला. ज्यांच्याकडे कॅनिस्टर आहे त्यांनी एवढं तरी करावं: दोन-तीन तासांहून जास्त वीज गेली तर सुरू करण्याआधी डबा उघडून टाकीच्याच पाण्यात मीडिया विसळावा.

आता पुराची भीती. ती योग्य आहे, पण पाच मिनिटांच्या गणिताने जाते. तुमच्या टाकीचं पाणी एक इंच खाली आलं की साधारण साडेसात लिटर उतरतं. सम्प २ × १ × १ फुटाचा केलात तर त्यात एका इंचाला पावणेपाच लिटर मावतं. म्हणजे वर एक इंच घटलं की खाली दीड इंचाहून थोडं जास्त चढतं. सम्प सात इंच भरून चालवा, वर पाच इंच मोकळे, तेवीस लिटरांची जागा. वरून तीन इंच पाणी आलं तरी मावेल.

मग पूर येतो कुठून? परतीच्या नळीतून. मोटर बंद पडली की तीच नळी उलट्या दिशेने पाणी ओढते, आणि तिचं तोंड पाण्यात सहा इंच खोल असेल तर सहा इंच पाणी उतरतं, म्हणजे ४५ लिटर. म्हणून तोंड पृष्ठभागापासून इंचभरच खाली ठेवायचं आणि नळीला पाण्याच्या रेषेच्या जेमतेम खाली एक बारीक भोक पाडायचं. पाणी तिथवर आलं की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. ते भोक महिन्यातून एकदा टाचणीने साफ करा, मिठाने बुजतं. एकमार्गी व्हॉल्व्हवर विसंबू नका, त्याच्या झडपेत मिठाचा एक कण अडकला तरी पुरे.

वरून पाणी खाली यायला टाकीला भोक पाडलेलं उत्तम. काच साधी आहे म्हणालात, तर काचवाला हिऱ्याच्या कोअर बिटने पाडून देतो. टफन्ड (तापवून कडक केलेली) असती तर बिट लागताच चुरा झाला असता, म्हणून आधी खात्री करा. भोक कडेपासून निदान स्वतःच्या व्यासाइतकं आत हवं. काठावर टांगायच्या ओव्हरफ्लो पेटीत (ती सायफनने काठावरून पाणी खाली ओढते) ओढ तुटली की वीज आल्यावर मोटर वर पाणी फेकत राहते आणि खाली काही येत नाही. तेव्हा पूर वरून येतो. काकूंच्या छतासाठी भोकच पाडा. आणि सुरुवातीला घरात कोणी जेवत, झोपत नसताना पाच-सहा वेळा मुद्दाम प्लग काढून बघा.

दोनफुटी (नाशिक) · ७ ऑक्टोबर

मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे. माझी २४ × १५ × १५ इंचांची टाकी तीन वर्षं चालू आहे, त्यात सम्प नाही, स्किमर नाही. पाठीला टांगलेला हँग ऑन फिल्टर, त्यात पांढरा कापूस आणि सिरॅमिक, एक वेव्हमेकर, आणि दर रविवारी १२ लिटर पाणी बदल. दोन क्लाउन, एक कोळंबी, सगळे ठणठणीत. कापूस दर तीन दिवसांनी फेकतो, ही त्यातली मुख्य गोष्ट. अडकलेली घाण तीन दिवसांत बाहेर गेली की ती कुजणार कधी?

नवख्या माणसाला सम्प, भोक, पाइप, स्किमर हे सगळं एकदम अंगावर येतं. दोन माशांसाठी एवढं लागत नाही.

फेसाळ · ७ ऑक्टोबर

दोनफुटी, तुमची पद्धत चुकीची नाहीच. कापूस तीन दिवसांनी फेकणं हे निम्मं स्किमरचंच काम आहे. फक्त निळीकाच यांनी त्यामागचं गणित आधी बघावं. समजा टाकीत नायट्रेट आठवड्याला ५ पीपीएमने (लिटरला मिलिग्रॅम) वाढतं. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं तर ते चढत चढत ५० ला जाऊन स्थिरावतं. २० टक्के बदललं तर २५ ला. म्हणजे पाणी बदलून नायट्रेट शून्य होत नाही, आठवड्याच्या वाढीच्या ठरावीक पटीवर थांबतं. मासे ते सोसतात. पण ती वाढच कमी करायची असेल तर एक तर कमी खायला घाला, नाही तर घाण आधी बाहेर काढा.

११५ लिटरचे २० टक्के म्हणजे २३ लिटर, लिटरला ३५ ग्रॅमने ८०० ग्रॅम मीठ, दर आठवड्याला. वर्षाला ४० किलोच्या वर. स्किमरमुळे पाणी बदल पंधरवड्यावर गेला तर निम्मं मीठ वाचतं, आणि मीठच या छंदातला न संपणारा खर्च आहे.

दोनफुटी · ८ ऑक्टोबर

हे गणित मी कधी मांडलं नव्हतं. माझं नायट्रेट खरंच २५-३० वर थांबलेलं असतं, आता कारण कळलं. तरी माझं म्हणणं एवढंच, की दर रविवारी हात ओले करायला आवडणाऱ्याला हँग ऑन पुरतो. ज्याला महिन्यातून एखादा रविवार गावाला जायचं असतं त्याने स्किमर घ्यावा.

मांडवीकाठ · ८ ऑक्टोबर

विजेचा आणि उष्णतेचा हिशेब कोणी मांडला नाही. २० वॅटची मोटर दिवसरात्र चालली तर महिन्याला साडेचौदा युनिट. सम्पची मोटर, स्किमर, वेव्हमेकर मिळून ५० वॅट धरा, ३६ युनिट. आणि पाण्यात बुडालेल्या मोटरची उष्णता पाण्यातच जाते. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे टाकी ३१-३२ वर जाते, क्लाउनला २५ ते २७ हवं. चिलर तुमच्या बजेटमध्ये नाही, म्हणून मोटर गरजेपुरतीच घ्या. सम्पमधून तासाला टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरलं की पुरे, बाकीचा प्रवाह वेव्हमेकर थोड्या वॅटमध्ये देतो. डब्यावर ताशी १००० लिटर लिहिलेलं असतं ते उंची शून्य असताना, चार फूट वर चढवल्यावर निम्म्यावर येतं, हे मोजून घ्या. पाण्यावर एक छोटा पंखा मारला तर दोन-तीन अंश उतरतात. मात्र बाष्प होऊन जातं ते पाणी, मीठ मागेच राहतं. रोजची घट गोड्या पाण्याने भरायची, खाऱ्या नाही. आरओचं पाणी वापरणार असाल तर यंत्राला टीडीएस (पाण्यातले क्षार) वाढवायचा स्क्रू असतो, तो बंद करून पाणी घ्या.

आणि इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर लावा. पाच-सात वॅटला इन्व्हर्टरची तक्रार नसते. वेव्हमेकरचं तोंड पृष्ठभागाकडे वळवलं की पाणी उसळून हवा घेतं, मासे चार-पाच तास आरामात काढतात.

निळीकाच · १० ऑक्टोबर

ठरलं. कॅनिस्टरला नाही म्हणून कळवलं. काचवाल्याने भोक पाडलं, मी श्वास रोखून बाजूला उभा होतो. सम्प दोन हजार, भोक आणि फिटिंग बाराशे, परतीची मोटर अठराशे, वेव्हमेकर बाराशे, सुईचाकाचा (बुडबुडे बारीक करणाऱ्या चाकाचा) स्किमर साडेचार हजार. फिरत्या सामानाचे १०,७००. उरलेल्यात मीठ, रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायला), सिरॅमिक मीडिया आणि टेस्ट किट बसतात. यूव्ही दिवा (पाण्यातले जंतू मारणारा) दुकानदाराने फार आग्रहाने पुढे केला, घेतला नाही. बरोबर केलं ना? शिंपल्यांसाठी मामाला फोन केला आहे.

डॅमसेल मात्र सोडवत नाही. माशाला अमोनियात बसवून पाणी तयार करायचं हे मनाला पटत नाही.

फेसाळ · १० ऑक्टोबर

यूव्ही न घेतलात ते बरं, दोन माशांना गरज नाही.

डॅमसेल नकोच. ते वाचले तरी त्या टाकीवर हक्क सांगतात आणि नंतर आलेल्या क्लाउनला जगू देत नाहीत. जिवाणू वाढायला अमोनिया हवा, त्यासाठी नवसागर घ्या, म्हणजे अमोनियम क्लोराइड. बाजारातला कल्हईचा नको, रसायनांच्या दुकानातला शुद्ध. ११५ लिटरला पाऊण ग्रॅम टाकलात की अमोनिया साधारण २ पीपीएम होतो, सम्पचं पाणी धरून थोडं जास्त लागेल. दोन-तीन दिवसांआड तपासा. आधी अमोनिया उतरेल आणि नायट्राइट चढेल, मग नायट्राइट उतरेल आणि नायट्रेट दिसेल. नायट्राइट बराच काळ हटत नाही, तेव्हा धीर सोडू नका. टाकलेला २ पीपीएम २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आला की पाणी तयार. चार ते सहा आठवडे. स्किमर पहिले दहा-पंधरा दिवस एक तर काहीच देणार नाही किंवा नुसतं पाणी ओकेल. नव्या प्लास्टिकवरचा तेलकटपणा जाईपर्यंत तसं होतं, दुकानात परत नेऊ नका.

निळीकाच · ७ डिसेंबर

दोन महिन्यांनी धागा वर काढतो आहे.

२६ ऑक्टोबरला पाणी भरलं, खारटपणा १.०२५ (विशिष्ट गुरुत्व). नवसागर टाकला. अमोनिया बाराव्या दिवशी शून्य झाला आणि मी घरात पेढे वाटायच्या बेतात होतो. मग नायट्राइट चढलं ते साडेतीन आठवडे हललंच नाही. फेसाळ यांनी आधी सांगून ठेवलं नसतं तर मी सगळं पाणी ओतून दिलं असतं. मागच्या सोमवारी सकाळी ते उतरलं. काल पुन्हा पाऊण ग्रॅम टाकला, आज दोन्ही शून्य, नायट्रेट ४०. आज ४५ लिटर पाणी बदललं, आता ३० च्या खाली आहे.

मिऱ्याबंदर, दगड छान झाले. मामाने एस.टी.ने शिंपल्यांची गोणी पाठवली. पाच आठवडे पिंपात ठेवले, पीएच ८.३ ला थांबला, गेल्या आठवड्यात टाकीत रचले. प्लग सात वेळा काढून पाहिला, सम्प काठाच्या दोन इंच खालीच थांबतो. दुरुस्तीच्या दोन दिवसांत वीज गेली तेव्हा वेव्हमेकर इन्व्हर्टरवर व्यवस्थित चालला. एकच त्रास, सम्पकडे जाणाऱ्या पाइपात रात्री गुडगुड होते.

आता मासे आणायचे. क्लाउन समुद्रातले धरलेले नको, हॅचरीतले हवेत.

मांडवीकाठ · ७ डिसेंबर

अभिनंदन! हॅचरीचेच घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजमला क्लाउनची पैदास केव्हाच साधली आहे, आणि तुमच्या जवळ ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभेच्या सागरी माशांची हॅचरी आहे. आधी तिकडे चौकशी करा. असे मासे काचेत वाढलेले असतात, गोळी खायला शिकलेले असतात.

गुडगुडीसाठी खाली जाणाऱ्या पाइपाला वरच्या बाजूला हवा जायला बारीक नळी लावा आणि पाइपाचं खालचं तोंड सम्पच्या पाण्यात अर्धा-एक इंचच बुडवा.

फेसाळ · ७ डिसेंबर

पिशवी घरी आणल्यावर एक करा. उघडण्याआधी दिवे मंद करा, आणि उघडल्या उघडल्या पिशवीतल्या पाण्याचा खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरने मोजा. दुकानं मीठ वाचवायला बऱ्याचदा १.०१८-१.०२० वर ठेवतात. शक्य असेल तर आदल्या दिवशीच फोन करून त्यांचा आकडा विचारा आणि एका वेगळ्या बादलीत तेवढ्याच खारटपणाचं पाणी तयार ठेवा, हवेच्या नळीसकट. मासे थेट त्या बादलीत सोडा आणि तिथे दोन-तीन दिवसांत हळूहळू १.०२५ वर आणा, रोज निम्मं पाणी बदलत.

पिशवीतच तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसू नका. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने पीएच उतरलेला असतो म्हणून साचलेला अमोनिया गप्प बसतो. तोंड उघडलं की कर्बवायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया मारक होतो.

निळीकाच · ७ डिसेंबर

बादली, हवेची नळी आणि हीटर आत्ताच काढून ठेवले. उद्या सकाळी ऐरोलीला फोन करतो.